फोल्डिंग दस्ता बसवायचाय? आधी परवाना बघा, मग खांदा

नांदेड/लातूर : ज्वारी हुरड्यात आली, हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात तर हे बारमाही दुखणं आहे. मग जागलीची तयारी होते, माळा बांधला जातो, आणि ज्या घरात आजोबांच्या काळापासून परवान्याची बंदूक आहे तिथं ती खोळीतून बाहेर निघते. पुसून बघितली तर नळी ठीक असते, चाप ठीक असतो, पण लाकडी दस्ता मानेजवळ तडकलेला असतो. कुणीतरी कधीकाळी तार आवळून वेळ मारून नेलेली असते.

अशा वेळी घरातला कॉलेजला जाणारा नातू मोबाईल पुढं करतो. पडद्यावर परदेशातला एखादा गडी काळ्या रंगाचा, बिजागरीवर दुमडणारा दस्ता दोन मिनिटांत बसवून दाखवत असतो. "आबा, लाकूड कशाला? असला फोल्डिंग बसवू. मोटारसायकलवर न्यायला पण सोपं." आबांनाही ते पटायला लागतं. प्रश्न साधा वाटतो, कोणता दस्ता घ्यायचा एवढाच. पण आपल्याकडं या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न येतात. ते टाळले तर बंदूक जाते, परवाना जातो आणि माणूसही कोठडीत जाऊ शकतो.

दुमडता दस्ता आला कुठून

दस्ता म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, जो खांद्याला टेकतो. पोलीस आणि फौजेतली मंडळी त्याला बट म्हणतात. दुमडता दस्ता शेतकऱ्यासाठी किंवा शिकाऱ्यासाठी जन्माला आला नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारणारे छत्रीधारी सैनिक आणि रणगाड्यात अंग चोरून बसणारे सैनिक यांना लांब रायफल अडचणीची व्हायची. त्यावर जर्मन आणि अमेरिकन सैन्यानं काढलेला हा तोडगा. पुढं रशियाच्या एके मालिकेत खाली दुमडणारा आणि बाजूला दुमडणारा असे दोन्ही प्रकार आले.

आपल्याकडच्या लोकांनी तो पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. मंत्र्याच्या मागं सफारीतला अंगरक्षक छोटी कार्बाइन घेऊन उभा असायचा, तिचा लोखंडी दस्ता नळीखाली दुमडलेला असायचा. ती ब्रिटिश स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरच्या कारखान्यात बनलेली कार्बाइन. इन्सास रायफलीचाही दुमडत्या दस्त्याचा प्रकार आहे. उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या कोरव्यात बनणाऱ्या एके-२०३ चा दस्ता दुमडतो आणि लांबी-आखूडही करता येतो. चाकूरला बीएसएफचं आणि मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र असल्यानं या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावोगावच्या पोरांना ही हत्यारं अगदीच परकी नाहीत. भरतीची तयारी करणाऱ्याला तर ती तोंडपाठ असतात.

पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. जिथं गाडीतून, विमानातून, अरुंद जागेतून हत्यार न्यायचं आहे तिथं दस्ता दुमडतो. दुमडल्यावर साधारण आठ-दहा इंच लांबी वाचते. त्यापलीकडं त्याचा उपयोग नाही. दुमडता दस्ता नेम सुधारत नाही, धक्का कमी करत नाही, बंदुकीचं आयुष्य वाढवत नाही. उलट बिजागरी हा आणखी एक ढिला होणारा सांधा असतो. स्वस्तातली बिजागरी काही दिवसांतच खेळायला लागते, आणि मागं किंचित हललं तरी पुढं नेम भलतीकडं जातो.

सगळ्याच बंदुकांना तो बसतो का

नाही. आपल्या भागात परवान्यावर बहुतेक करून बारा बोअरची सिंगल किंवा डबल बार असते, काही ठिकाणी ठासणीची, आणि थोड्यांकडं .३१५ ची रायफल.

मधोमध मोडून काडतूस भरायच्या डबल बारमध्ये दस्ता नुसता मागं चिकटवलेला नसतो. घोड्याची सगळी यंत्रणा त्या लाकडात कोरलेल्या खाचांमध्ये बसलेली असते. लाकूड काढून तिथं बिजागरी लावायची तर आतल्या यंत्रणेला आधारच उरत नाही. ठासणीच्या बंदुकीत तर नळीखालचं लाकूड आणि दस्ता बहुधा एकच अखंड तुकडा असतो. स्वयंचलित पद्धतीनं पुढचं काडतूस भरणाऱ्या बऱ्याच शॉटगनमध्ये परत ढकलणारी स्प्रिंग थेट दस्त्याच्या पोटात असते. ती दुमडणार कशी? राहिली पंप ॲक्शन. तिचा दस्ता मागून एका बोल्टनं जोडलेला असतो आणि तो बदलणं यंत्राच्या दृष्टीनं सोपं असतं. मोबाईलवरचे बहुतेक व्हिडिओ याच बंदुकीचे असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आपल्याही बंदुकीला हे जमेल.

.३१५ ची गोष्ट जरा वेगळी. ही रायफल जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीवर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. मूळ ली-एनफिल्डमध्ये मागचा दस्ता हा स्वतंत्र तुकडा आणि एका लांब बोल्टनं आवळलेला. इंग्रजांच्या फौजेत या रायफलीचे दस्ते वेगवेगळ्या मापांत मिळत. साधा एक, त्याहून अर्धा इंच लांब एक, अर्धा इंच आखूड एक, आणि बुटक्या सैनिकांसाठी पूर्ण एक इंच आखूड. शंभर वर्षांपूर्वी लाखोंच्या फौजेला बंदुका वाटणाऱ्यांनाही अर्ध्या इंचाचा फरक महत्त्वाचा वाटत होता. आज दस्ता घेणारा मात्र रंग आधी बघतो आणि माप शेवटी, जमलं तर.

मापाचा अर्थ असा. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर माणसाच्या हाताला जुळलं पाहिजे. बारा बोअरमध्ये मोठ्या माणसाला ते साधारण चौदा इंचांच्या आसपास लागतं. जुनी ढोबळ परीक्षा अशी, की बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या वाकणीत ठेवायचं, हात वर घ्यायचा आणि तर्जनीचं पेर चापापर्यंत आरामात पोचतं का बघायचं. दस्ता लांब असला तर उचलताना काखेत अडकतो. आखूड असला तर धक्क्यानं अंगठा नाकावर आपटतो. दुसरी गोष्ट उंचीची. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत आला पाहिजे, मान वाकडी करावी लागता कामा नये. लोखंडी सळईच्या दुमडत्या दस्त्याला गाल टेकवायला जागाच नसते. बारा बोअरचा धक्का त्या सळईवरून गालफडाला बसला की दुसरा बार काढायची इच्छा उरत नाही.

रात्रीच्या वेळी, बॅटरीच्या उजेडात, मचाणावर अवघडून बसलेल्या माणसाच्या हातात न जुळणारी बंदूक असेल तर धोका डुकराला कमी आणि बांधावर झोपलेल्या शेजाऱ्याला जास्त. आणि हेही लक्षात घ्यावं, की बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर किंवा रोही मारायचा परवाना नव्हे. त्याला वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

कायदा काय म्हणतो

परदेशातल्या व्हिडिओत सुटे भाग मागवून घरी बसून रायफल 'बांधतात'. तो तिथला कायदा. आपल्याकडं शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे आणि त्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही धरले आहेत. बंदूक बनवणं, तिचं रूपांतर करणं, दुरुस्त करणं या प्रत्येक गोष्टीला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणून बंदूक बदलायचा परवाना मिळाला असं होत नाही. नळी आखूड करणं किंवा नकली बंदुकीची खरी करणं कलम ६ खाली येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमांतल्या एका वर्गातली बंदूक दुसऱ्या वर्गात बदलणंही त्यातच आलं.

याच दुरुस्तीनं शिक्षाही वाढल्या. विनापरवाना बनवणं, रूपांतर, दुरुस्ती किंवा नळी कापणं यासाठी कलम २५ खाली आता किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. हा आकडा फोल्डिंगच्या हौसेपोटी गावातल्या वेल्डरच्या दुकानात जाणाऱ्यानं आणि त्या वेल्डरनंही वाचून ठेवावा. बिचाऱ्याला वाटतं आपण बिजागरी जोडून देतोय.

नुसता दस्ता बदलला तर ते 'रूपांतर' होतं का, यावर पारावर कितीही वाद घालता येईल. पण वाद घालायची वेळ नाकाबंदीत येऊ नये. परवान्यात बंदुकीचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. नाक्यावरच्या हवालदाराला परवान्यात साधी बारा बोअर दिसते आणि हातात काळी, आखूड, एकेसारखी दिसणारी वस्तू. तो थांबवणारच. म्हणून दस्ता मागवण्याच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम बघणाऱ्या शाखेत लेखी अर्ज द्यावा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारीच. अर्जात बंदुकीचा प्रकार, क्रमांक, परवान्यावरचा युआयएन, आताच्या दस्त्याला काय झालंय आणि त्याजागी काय बसवायचंय हे साध्या शब्दांत लिहावं. पोच घ्यावी. एक प्रत आपल्या पोलीस ठाण्यात द्यावी. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर बंदूक आहे तशी राहू द्यावी.

पीक राखणीच्या परवान्याबाबत एक बारकावा आहे. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि तिच्यानं भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी दिल्या जाणाऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी वीस इंचांपेक्षा कमी नसावी, असं त्याच कलमात म्हटलं आहे. म्हणजे कायद्याच्या मनातली शेतकऱ्याची बंदूक लांब आहे, उघड दिसणारी आहे. जाकिटाखाली मावेल अशी ती नको, हा त्यामागचा रोख. दुमडता दस्ता नेमका याच्या उलट दिशेला जातो. परवाना ज्या कारणासाठी दिला ते कारण पीक राखणं असेल, तर बंदूक आखूड करून हवी कशाला, असा प्रश्न अधिकाऱ्यानं विचारला तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

दस्ता बदलून झाल्यावर फोटो काढून स्टेटसला ठेवायची खोड तर वेगळीच. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला, वरातीत, वाढदिवसाला बंदूक मिरवणारे स्वतःच पोलिसांना पुरावा देतात. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माळेगावच्या जत्रेत किंवा मिरवणुकीत तर परवान्याची बंदूकसुद्धा न्यायची नसते.

बंदूक दुरुस्तीला नेताना

तडकलेला लाकडी दस्ता दुरुस्त करणं किंवा तसाच नवा बसवणं हा बहुतेकांसाठी खरा आणि स्वस्त मार्ग. त्यासाठी दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र दुकानातच जावं. गावचा सुतार कितीही हातचा असला तरी बंदूक त्याच्याकडं टाकून येऊ नये. ज्याला शस्त्र बाळगायचा अधिकार नाही त्याच्या ताब्यात ते देणं हाही गुन्हा आहे.

वय झालेल्या परवानाधारकांना दुकानापर्यंत जाणं जमत नाही. कायद्यानं त्याची सोय केली आहे. परवानाधारकासोबत, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो. म्हणून मुलगा किंवा नातू बंदूक नेणार असेल तर तारीख, कारण, कुठं नेणार आणि कधी परत आणणार हे लिहून आबांची सही घ्यावी आणि मूळ परवाना सोबत ठेवावा. बंदूक खोळीत, रिकामी. काडतुसं घरी.

सीमेवरच्या गावांनी आणखी जपावं. देगलूर, बिलोली, धर्माबादकरांना तेलंगणा जवळ, उदगीर-देवणीकरांना बिदर जवळ. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक सगळं तिकडं असतं, मग बंदूकही तिकडंच दुरुस्त करू असं वाटणं साहजिक आहे. पण परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता असेल तर सीमा ओलांडल्या क्षणी परवान्याची बंदूक विनापरवान्याची होते, आणि त्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.

दुकानात गेल्यावर तडा कुठं आहे ते नीट दाखवावं. पाठीमागच्या रुंद भागात असेल तर सांधता येतो. मानेत, म्हणजे जिथं मूठ धरतो त्या निमुळत्या भागात असेल तर नवा दस्ताच बरा, कारण सगळा धक्का तिथूनच जातो. तार आवळलेल्या मानेवर पुन्हा तार आवळून बार काढू नये. लाकडात अक्रोड उत्तम मानतात, हलकं आणि न फाटणारं. शिसमही चालतं, पण वजन वाढतं. मागं रबराचं पॅड बसवून घ्यावं. धक्का कमी लागतो आणि लांबी कमी पडत असेल तर तीही भरून निघते. फोल्डिंगच्या निम्म्याहून कमी खर्चात बंदूक खांद्याला जुळते.

लाकूड तडकतं ते बहुतेक आपल्या हवेमुळं. मे महिन्यात पारा बेचाळिसच्या वर, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त, आणि जूननंतर तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. यावरचा जुना इलाज मराठवाड्याच्या शेतातच पिकतो. जवसाचं तेल. इंग्रजी फौजेतल्या रायफलींच्या दस्त्यांना हेच चोळत. घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारं 'डबल बॉइल्ड' घ्यावं. उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यानंतर चार थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात मात्र टाकू नये. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून टाकावा. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर पावतीवर दस्त्याची अवस्थाही लिहून घ्यावी. परत आणल्यावर आधी खोळ काढून हवा लागू द्यावी.

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचं काय

दस्त्याच्या चौकशीत दुसरा मोठा वर्ग पालकांचा आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणीही एअर रायफलची विचारणा होते. .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेली एअर रायफल बिनापरवाना घेता येते. त्यामुळं ऑनलाइन 'टॅक्टिकल फोल्डिंग' नावाखाली काय काय विकायला ठेवलेलं असतं आणि मुलांना तेच आवडतं.

स्वप्नीलची स्पर्धा तीन अवस्थांची होती. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. एका अवस्थेतून दुसरीत जाताना नेमबाज दस्त्याचं मागचं टोक आणि गालाची पट्टी सरकवून नव्यानं जुळवतो. पदक मिळवून देणारा दस्ता दुमडत नाही, तो सरकतो. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं बिजागरीतला केसभर खेळसुद्धा परवडत नाही. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं ते पेलावं असा नियम नाही. तिला हलकी रायफल आणि आखूड दस्ता लागतो.

म्हणून मुलासाठी घेताना दुमडतो का हे विचारू नये. लांबी कमी-जास्त होते का, गालाची पट्टी वर-खाली होते का, मागची पट्टी अंगाप्रमाणं फिरते का, एवढं विचारावं. शालेय स्पर्धेच्या ओपन साईट प्रकारात साधी लाकडी रायफल चालते. तिच्या मागं पातळ फळ्यांचे तुकडे घालून लांबी वाढवता येते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या वर्षीचे नियम आधी विचारून घ्यावेत, मगच लाकडाला करवत लावावी. लाखांच्या घरातली परदेशी रायफल घ्यायची घाई नको. पहिली दोन वर्षं क्लबच्या रायफलवर काढावीत आणि प्रशिक्षकाकडून दर सहा महिन्यांनी माप घ्यावं. या वयात हात वर्षभरात इंचभर वाढतो आणि मागच्या दिवाळीला जुळलेला दस्ता पुढच्या दिवाळीला आखूड पडलेला असतो.